डोळ्यामागची गाठ

मानवी कवटीच्या दर्शनी भागात डोळ्यांसाठी दोन खोबणी आहेत. वरवर पाहता त्या साध्या खळग्यांसारख्या दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक खोबण म्हणजे सात हाडांच्या जुळणीतून बनलेली, तोंडाशी रुंद आणि मागे निमुळती होत गेलेली एक पेटीच होय. तिची खोली सुमारे चार ते साडेचार सेंटिमीटर आणि तिच्यातील एकूण जागा अवघी ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी मावेल एवढी असते. एवढ्याशा जागेत नेत्रगोलक, त्याला फिरविणारे सहा स्नायू, दृष्टीचा मज्जातंतू, रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी आणि या सर्वांना धक्क्यापासून सांभाळणारी चरबी असा सारा संसार दाटीने मांडलेला असतो. या पेटीचा शेजारही मोठा नाजूक आहे. वरच्या भिंतीपलीकडे मेंदू आहे. आतल्या बाजूची भिंत कागदासारखी पातळ असून तिच्या पलीकडे नाकालगतच्या पोकळ्या आहेत. खालच्या भिंतीखाली गालाच्या हाडातील पोकळी येते. कानशिलाकडील भिंत तेवढी जाड आणि भक्कम आहे.

अशा पेटीत गाठ वाढू लागली म्हणजे तिला पसरायला जागा उरत नाही. मागे आणि चारी बाजूंना हाड आणि समोर मात्र उघडे तोंड. त्यामुळे गाठ नेत्रगोलकाला पुढे ढकलते आणि डोळा खोबणीबाहेर आल्यासारखा दिसू लागतो. दोन्ही डोळ्यांच्या उंचीत दोन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आढळला तर नेत्रतज्ज्ञ त्याची गंभीर दखल घेतात. दोन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची जाडी. घरच्या माणसांच्या रोजच्या नजरेला एवढा फरक सहसा जाणवत नाही. रुग्ण खुर्चीवर मान किंचित मागे टाकून बसला आणि त्याच्यामागे उभे राहून कपाळावरून खाली पाहिले, तर मात्र कोणत्या बाजूचा डोळा पुढे आला आहे हे चटकन लक्षात येते. या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही.

डोळा कोणत्या दिशेला सरकला आहे यावरूनही पुष्कळ गोष्टी कळतात. गाठ थेट डोळ्यामागे असेल तर डोळा सरळ पुढे येतो. अश्रुग्रंथी खोबणीच्या वरच्या बाहेरील कोपऱ्यात असते. तिच्यात गाठ झाली तर डोळा खाली आणि नाकाकडे झुकतो. गालाच्या पोकळीतील रोग वर घुसला तर तो वर उचलला जातो. क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वीचे वैद्य एवढ्यावरूनच गाठीचे ठिकाण ताडत असत आणि पुष्कळदा त्यांचा अंदाज बरोबर ठरत असे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. नेत्रगोलकाच्या मागच्या भागापासून खोबणीच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे १८ मिलिमीटर असते. तेवढ्या अंतरात असलेला दृष्टीचा मज्जातंतू मात्र २५ मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. विहिरीचा दोर जसा थोडा ढिला सोडलेला असतो तसा तो वळण घेऊन सैल राहिलेला असतो. डोळा फिरताना त्याला ताण बसू नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. या सोयीमुळे डोळा बराच पुढे आला तरी काही महिने, कधी काही वर्षेही, दृष्टी चांगली राहू शकते. रुग्णाची फसगत होते ती नेमकी येथेच. दिसते आहे, दुखत नाही, मग मोठ्या इस्पितळात जायचे कशाला, असा विचार होतो आणि दिवस निघून जातात. दृष्टी कमी होऊ लागते तेव्हा दोराची ढील संपलेली असते किंवा गाठीने मज्जातंतूला चेपलेले असते.

प्रत्येक फुगीर डोळा म्हणजे गाठ नव्हे

पुढे आलेला डोळा पाहताच कर्करोगाचे नाव घेणे जेवढे चूक, तेवढेच त्याकडे दुर्लक्ष करणे चूक. प्रौढ माणसांत डोळे पुढे येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण गाठ हे नसून गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा विकार हे आहे. त्यात बहुधा दोन्ही डोळे पुढे येतात, वरची पापणी मागे ओढली जाते आणि चेहऱ्यावर सतत दचकल्यासारखा भाव राहतो. लहान मुलांत नाकालगतच्या पोकळ्यांतील जंतुसंसर्ग खोबणीत उतरून डोळा एकदोन दिवसांतच सुजतो, लाल होतो आणि ताप येतो. हा प्रकार तातडीचा आहे. त्याच दिवशी इस्पितळात दाखल करून शिरेवाटे प्रतिजैविके द्यावी लागतात.

आपल्या देशात आणखी एका कारणाची आठवण ठेवावी लागते. डुकराच्या मांसातील फीतकृमीची अंडी दूषित पाणी किंवा न धुतलेला कच्चा भाजीपाला यांच्यावाटे पोटात गेली, तर त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे शरीरभर जातात. काही वेळा त्या डोळ्याच्या स्नायूत घर करतात. तेथे लहानसा पाणीदार फुगा तयार होतो आणि डोळा पुढे येतो. जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा विकार होऊ शकतो, कारण प्रश्न मांस खाण्याचा नसून भाजी आणि हात धुण्याचा आहे. स्नायूतील असा फुगा बहुतेक वेळा औषधांनीच बरा होतो. म्हणूनच निदान झाल्याशिवाय शस्त्राला हात लावायचा नाही, हा या क्षेत्रातील पहिला नियम आहे.

खऱ्या गाठींमध्येही सौम्य आणि मारक असे दोन्ही प्रकार असतात. लहान मुलाच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाशी जन्मापासून असणारी गोटीसारखी गाठ बहुधा त्वचेच्या पेशी आत अडकून झालेली असते. ती निरुपद्रवी असते, पण फुटली तर दाह होतो, म्हणून ती अखंड काढतात. तान्ह्या बाळांच्या पापणीवर येणारी लाल, मऊ रक्तवाहिन्यांची गाठ पुष्कळदा आपोआप ओसरते. पापणी झाकली जाऊन दृष्टीच्या वाढीला अडथळा येत असेल, तर प्रोप्रॅनोलॉल हे मूळचे हृदयविकारावरील औषध तिच्यावर गुणकारी ठरते, असे २००८ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी दाखवून दिले. तेव्हापासून या गाठींवरील शस्त्रक्रिया बऱ्याच कमी झाल्या. मध्यम वयाच्या माणसांत, विशेषतः स्त्रियांत, डोळ्याच्या अगदी मागे जांभळट रंगाची, स्वतःच्या आवरणात नीट गुंडाळलेली रक्तवाहिन्यांची गाठ होते. ती अत्यंत सावकाश वाढते. उतारवयातील लसिका पेशींच्या गाठीला मोठी शस्त्रक्रिया लागतच नाही. तुकडा तपासून पुढे किरणोपचार किंवा औषधे दिली जातात.

या सगळ्यांत घाई करायला लावणारा प्रकार म्हणजे मुलांमधील ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हा कर्करोग. साधारण सातआठ वर्षांच्या मुलात तो अधिक आढळतो. डोळा आठवड्याच्या हिशेबाने, कधी दिवसाच्या हिशेबाने पुढे येतो. अशा वयात मूल कुठे ना कुठे पडलेले असतेच. त्यामुळे ‘खेळताना लागले असेल’ हे कारण सहज सापडते आणि सूज उतरण्याची वाट पाहिली जाते. पूर्वी या रोगात खोबणीतील सर्व भाग काढून टाकण्यावाचून इलाज नव्हता आणि तो करूनही बहुसंख्य मुले वाचत नसत. गेल्या अर्धशतकात चित्र उलटले आहे. आता लहानसा तुकडा काढून निदान करतात आणि नंतर औषधे व किरणोपचार यांचा आधार घेतात. रोग खोबणीपुरताच असताना उपचार पुरे झाले तर दहापैकी नऊ मुले बचावतात आणि बहुतेकांचा डोळाही राहतो. शस्त्रक्रिया लहान झाली आणि यश मोठे झाले, असे हे उदाहरण वैद्यकात वारंवार आढळत नाही.

हाडाची खिडकी

डोळ्याच्या रोगांचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांचे ७६ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत पापणीवरील अर्बुदाचाही समावेश आहे. तथापि डोळ्यामागील गाठीपर्यंत पोहोचणे ही शतकानुशतके अशक्य कोटीतील गोष्ट होती. जर्मनीतील गेओर्ग बार्टिश याने १५८३ साली प्रसिद्ध केलेल्या नेत्रचिकित्सेवरील ग्रंथात अशा रोगांवर उपाय म्हणून डोळा खोबणीतून काढण्याची कृती दिली आहे. भूल नव्हती, रक्तस्राव थांबविण्याची साधने नव्हती आणि गाठीकडे जाण्याची वाट डोळ्यातूनच जात होती. गाठ काढायची तर डोळा द्यायचा, असा तो सौदा होता. सामान्य लोकांच्या मनात आजही ‘डोळ्याची गाठ’ म्हणताच ‘डोळा काढणार’ ही भीती उभी राहते. तिचे मूळ कित्येक शतकांच्या या अनुभवात आहे.

हा सौदा मोडण्याचे श्रेय मुख्यतः स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील शल्यविशारद रुडॉल्फ क्रोनलाइन यांच्याकडे जाते. त्यांनी १८८८ साली एक वेगळी वाट दाखविली. समोरून डोळा अडवतो, वरून मेंदू अडवतो, तर मग बाजूने जावे. कानशिलाच्या बाजूची भिंत सर्वांत जाड खरी, पण तिच्यामागे कोणतेही जीवनावश्यक इंद्रिय नाही. तेथे चघळण्याचा स्नायू तेवढा आहे. क्रोनलाइन यांनी कानशिलाशी कमानीसारखा छेद घेऊन त्या भिंतीचा तुकडा स्नायूसह दारासारखा बाहेर उघडला, मागची गाठ काढली आणि तो तुकडा पुन्हा जागच्या जागी बसविला. डोळ्याला धक्का लागला नाही. घराची वस्तू दारातून निघत नसेल तर भिंतीला खिंडार पाडून काढावी आणि भिंत पुन्हा बांधावी, इतकी ही साधी कल्पना होती. पुढच्या काळात छेद लहान झाला, त्याची जागा बदलली, उपकरणे सुधारली. परंतु खोबणीच्या खोल भागातील गाठींसाठी आजही वापरली जाणारी मुख्य पद्धत क्रोनलाइन यांच्या खिडकीचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

वरच्या मार्गाचा प्रश्न राहिला होता. काही गाठी खोबणीच्या टोकातून कवटीत शिरतात आणि बाजूच्या खिडकीतून त्यांचे शेपूट हाती लागत नाही. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून, मेंदू अलगद उचलून, खोबणीचे छप्पर काढून गाठीपर्यंत जाण्याचे आपले अनुभव १९४१ साली ग्रंथरूपाने मांडले. आता नाकातून दुर्बीण घालून आतल्या पातळ भिंतीवाटेही काही गाठी काढल्या जातात. अशा वेळी नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि मेंदूशल्यविशारद एकाच टेबलाभोवती उभे असतात.

परंतु खरी क्रांती शस्त्राने घडविली नाही, ती चित्राने घडविली. लंडनमधील एका रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र घेतले गेले. या कामाबद्दल त्यांना १९७९ साली ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसे, गाठ दिसत नसे. शल्यविशारदाला खिडकी उघडल्यावरच आत काय आहे ते कळे. सीटी आणि त्यानंतर आलेल्या एमआरआय या तपासणीमुळे गाठ कोठे आहे, मज्जातंतूच्या कोणत्या बाजूला आहे, हाड झिजले आहे की नुसते दबले आहे, हे सारे आधीच समजते. मार्ग कोणता घ्यायचा याचा निर्णय शस्त्रक्रियागृहाबाहेरच होतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया

रुग्णाला पूर्ण भूल दिली जाते. छेद आता बहुधा वरच्या पापणीच्या घडीत किंवा डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात घेतात. तो दोन-तीन सेंटिमीटरचा असतो आणि जखम भरल्यावर घडीत लपून जातो. गाठ पुढच्या भागात असेल तर हाडाला हात लावावा लागत नाही. ती खोल असेल तर बाहेरच्या भिंतीचा तुकडा बारीक करवतीने कापून बाजूला ठेवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली चरबीचे पदर हळूहळू दूर करीत गाठीचा पृष्ठभाग उघडा केला जातो. रक्तवाहिन्यांची आवरणबद्ध गाठ चिमट्याने धरली तर फाटून रक्तस्राव होतो. म्हणून अतिशीत टोक असलेली सळई तिला टेकवितात. बर्फाला ओला हात चिकटावा तशी गाठ त्या टोकाला चिकटते आणि अलगद ओढून घेता येते. हाड पुन्हा बसवून बारीक पट्ट्यांनी पक्के केले जाते.

अश्रुग्रंथीच्या सौम्य गाठीबाबत आणखी एक पथ्य आहे. ‘आधी तुकडा तपासू’ हा इतरत्र योग्य असणारा मार्ग येथे घातक ठरतो. या गाठीचे आवरण फुटले तर तिच्या पेशी खोबणीत सांडतात आणि काही वर्षांनी गाठ अनेक ठिकाणी उगवते. कालांतराने तिचे कर्करोगात रूपांतरही होऊ शकते. चित्रांवरून निदान करून ती पहिल्याच वेळी आवरणासह अखंड काढावी लागते. लहान दवाखान्यात वरवर छेद घेऊन ‘थोडीशी काढून पाहिलेली’ गाठ पुढे तज्ज्ञाच्याही हाती नीट लागत नाही.

शस्त्रक्रियेत धोके नाहीत असे म्हणणे रुग्णाची दिशाभूल करणे होईल. काही दिवस एकाच्या दोन वस्तू दिसतात. पापणी खाली येते. क्वचित हे दोष कायम राहतात. सर्वांत मोठे भय दृष्टी जाण्याचे असते आणि ते शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री अधिक असते. बंद पेटीत रक्तस्राव झाला तर दाब वाढून मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटतो आणि अल्पावधीत दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणूनच रात्री परिचारिका रुग्णाला पुनःपुन्हा उठवून ‘बोटे किती’ असे विचारतात. झोपमोड होते म्हणून नातेवाइकांनी त्यांच्यावर रागावू नये.

डोळा काढावा लागतो तेव्हा

आतापर्यंत वर्णन केलेल्या शस्त्रक्रिया डोळा राखणाऱ्या होत. एका रोगात मात्र निर्णय फार कठीण असतो. रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्याचा कर्करोग आहे आणि तो बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकाला तो होतो. भारतात जन्मसंख्या मोठी असल्याने दरवर्षी सुमारे दीड हजार नव्या बालरुग्णांची भर पडते. एवढी संख्या जगातील दुसऱ्या कोणत्याही देशात नाही. त्याची पहिली खूण म्हणजे बाहुलीत दिसणारी पांढरी चमक. अंधाऱ्या खोलीत, दिव्याच्या उजेडात किंवा छायाचित्रात ती मांजराच्या डोळ्यासारखी चकाकते. दुसरी खूण तिरळेपणा. या अवस्थेत रोग लहान असेल तर औषधे, लेसर आणि शीत उपचार यांनी पुष्कळ डोळे वाचविता येतात.

रोगाने डोळा भरून टाकलेला असेल तर नेत्रगोलक काढावा लागतो. तो काढताना दृष्टीच्या मज्जातंतूचा शक्य तितका लांब भाग बरोबर घेतात, कारण रोग त्याच दोरावरून मेंदूकडे चालत जातो. या टप्प्यावर रोग डोळ्यापुरताच असेल तर प्रगत देशांत शंभरातील पंचाण्णवांहून अधिक मुले वाचतात. पालक मात्र याच टप्प्यावर मागे फिरतात. आपल्या मुलाचा डोळा काढण्याच्या कागदावर अंगठा उठविणे कोणत्या बापाला सोपे वाटेल? गावी जाऊन विचार करतो, असे सांगून ते निघतात. घरी वडीलधारी मंडळी नकार देतात, कोणी झाडपाल्याचा रस सुचवितो, कोणी मुलीच्या लग्नाचा प्रश्न काढतो. मूल हसते-खेळते असते, त्यामुळे डॉक्टरांचे बोलणे अतिशयोक्तीचे वाटते. काही महिन्यांनी तेच मूल डोळा खोबणीबाहेर आलेल्या अवस्थेत परत येते. आता रोग डोळ्याची भिंत फोडून खोबणीत उतरलेला असतो. तीव्र औषधे, नंतर शस्त्रक्रिया, नंतर किरणोपचार असा लांबचा मार्ग उरतो आणि तो चालूनही खात्री देता येत नाही. रोग मेंदूत किंवा हाडात पोहोचला असेल तर फारसे काही हाती राहत नाही.

ज्या डोळ्यासाठी नकार दिला जातो त्याची दृष्टी बहुधा आधीच गेलेली असते, ही गोष्ट पालकांना कोणीतरी त्यांच्या भाषेत समजावून सांगणे आवश्यक आहे. डोळा काढल्यावर खोबण रिकामी ठेवीत नाहीत. आत गोळा बसवून त्यावर डोळ्याचे स्नायू जोडतात आणि सुमारे सहा आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याशी रंग जुळवून तयार केलेला ॲक्रिलिकचा कृत्रिम डोळा बसवितात. तो थोडाफार हलतोही. एका डोळ्याने मूल लिहिते, वाचते, सायकल चालविते. वाढत्या वयाबरोबर कृत्रिम डोळा बदलून घ्यावा लागतो, नाहीतर चेहऱ्याची ती बाजू खुरटल्यासारखी दिसते. दुसऱ्या चांगल्या डोळ्याला इजा होऊ नये म्हणून त्याला न फुटणाऱ्या काचेचा चष्मा देतात. विटीदांडू आणि धनुष्यबाणाच्या खेळांपासून त्याला जपावे लागते, एवढे शिक्षकांनी ध्यानात ठेवले तर पुरे.

गावपातळीवर

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळांना एकदा भेट देतात. पथक येते त्या दिवशी गैरहजर असलेले मूल वर्षभर तपासणीबाहेर राहते. त्याचे नाव वेगळे टिपून ते पुढच्या गावच्या तपासणीला पाठविणे शिक्षकाला किंवा अंगणवाडी सेविकेला करता येण्यासारखे आहे. बाहुलीत पांढरी चमक, नव्याने आलेला तिरळेपणा, एकच डोळा पुढे येणे, एका बाजूची पापणी वाढत्या प्रमाणात सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर पथकाची वाट न पाहता मुलाला जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात पाठवावे. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नये आणि आत काहीही घालू नये.

कर्करोगावरील शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार यांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेले असतात. कागदपत्रे अपुरी असल्यास सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांनी रुग्णासोबत जाणाऱ्या माणसाला आधीच सर्व कागद जुळवून दिले तर एक-दोन फेऱ्या वाचतात. मुंबईतील परळ येथे १९४१ पासून कार्यरत असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात राज्याच्या सर्व भागांतून अशी मुले येतात. औषधांचे हप्ते काही महिने चालतात आणि मजुरी बुडवून शहरात राहणे कुटुंबाला जड जाते. दोन-तीन हप्त्यांनंतर सूज उतरते आणि मूल बरे झाले असे समजून उपचार सोडले जातात. ग्रामपंचायतीने लक्ष घालावे असा हा सर्वांत नाजूक काळ असतो.

रेटिनोब्लास्टोमाचे सुमारे चाळीस टक्के रुग्ण आनुवंशिक प्रकारातील असतात. म्हणून रुग्ण मुलाच्या धाकट्या भावंडांचे डोळे जन्मापासून ठरावीक अंतराने तपासून घ्यावे लागतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल आणि सीटी किंवा एमआरआयच्या फिती घरात सांभाळून ठेवाव्यात. पुढे दहा वर्षांनी त्याच बाजूला काही जाणवले तर नवा डॉक्टर सर्वप्रथम तोच कागद मागतो.